चौथीच्या वर्गातला मोर

सोमवारी सकाळी साडेदहाला यंत्रानं मोर मागितला.

मागितला म्हणजे अगदी सरळ, कसलाही आडपडदा न ठेवता. 'इयत्ता चौथी. विषय गणित. घटक – हातच्याची वजाबाकी. शैक्षणिक साहित्य – खडू, फळा, मण्यांची माळ, मोर.' पडद्यावर उमटलेली ही ओळ शैलजाबाई निकमांनी चष्मा वर करून वाचली, खाली करून वाचली, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरी बाबर ही या यंत्राची जन्मदात्री. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, पण हसू काही तिला आवरत नव्हतं.

"खाली अजून आहे, बाई," ती म्हणाली.

खाली लिहिलं होतं, 'मोर हा संरक्षित पक्षी असल्याने मुख्याध्यापकांनी वन विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी.'

साताऱ्यातलं राज्य अध्यापन-साहित्य ग्रंथालय कुठे आहे, हे रिक्षावाल्याला या नावानं विचारलं तर तो मान हलवतो. 'पोवई नाक्याच्या पुढची पिवळी इमारत' म्हटलं की आणून सोडतो. आत वाचकांपेक्षा पाली जास्त. शंभर वर्षांची पाठ्यपुस्तकं, शिक्षण समित्यांचे अहवाल, त्या अहवालांवर नेमलेल्या समित्यांचे अहवाल, आणि तळघरात दोन लाख तीस हजार टाचणवह्या. उद्या वर्गात काय शिकवायचं ते शिक्षकानं आदल्या दिवशी लिहून काढायचं, त्याला टाचण म्हणतात. घटक कोणता, उद्दिष्ट काय, साहित्य काय न्यायचं, प्रश्न कोणते विचारायचे, सगळं रकान्यांत. साहेब शाळा तपासायला आले की आधी टाचणवही मागतात, मग चहा.

आता सन २०४१ मध्ये या वह्यांना अचानक भाव आला होता. सरकारनं 'सहाध्यापक' नावाची यंत्रणा उभी केली होती. एवढ्या वह्यांतून राज्यातल्या उत्तम शिक्षकांचं शहाणपण गोळा करायचं आणि पंधरा जूनपासून ते प्रत्येक शाळेत पोचवायचं. उद्याचा धडा कसा घ्यायचा हे यंत्र शिक्षकाला सांगणार. सांगणार म्हणजे सांगणारच. पाळलं नाही तर कारण लेखी द्यावं लागणार होतं.

वह्या वाचायचं काम ईश्वरीच्या यंत्राचं. त्याला सगळे 'वाचक' म्हणत. रेडिओच्या लहरींहून खूपच आखूड आणि उष्णतेच्या लहरींहून लांब अशा टेराहर्ट्झ लहरी असतात. कागदातून त्या आरपार जातात. पण बंद वहीच्या दोन पानांमध्ये केसाहूनही बारीक असा हवेचा थर असतो, त्यावर आपटून त्यातल्या थोड्या मागे फिरतात. कुठली लहर किती उशिरानं परतली यावरून पान कितवं ते कळतं, आणि शाई व कोरा कागद यांच्या उत्तरात फरक असतो, त्यावरून अक्षर कळतं. म्हणजे वही न उघडता वाचता येते. वाळवीनं पोखरलेली असो की ओल लागून तिची वीट झालेली असो, यंत्राला फिकीर नाही.

ईश्वरीनं त्यात आणखी एक कसब घातलं होतं. बॉलपेनानं कागदावर चरी पडते. हात धावतो तिथं चरी उथळ, हात थबकतो तिथं खोल. शाई उडून गेली तरी चरी राहते. यंत्र ती मोजून पुसलेलं अक्षर ओळखायचं. हात थबकल्याच्या या खुणांना ईश्वरी 'थांबे' म्हणायची.

"बाई, एक विचारू?" ईश्वरी आता हसत नव्हती. "मोर चार हजार तीनशे बारा वह्यांत आहे. त्यातली एक तुमची. सन दोन हजार बारा-तेरा. म्हणजे मी चौथीत होते ते वर्ष. आपल्या वर्गात मोर कधी होता?"

शैलजाबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. ग्रंथपाल होण्याआधी त्या जावळीच्या खोऱ्यात आठ वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या, आणि ईश्वरी त्यांच्याच हाताखालची. आज मोठी शास्त्रज्ञ झाली तरी भाषणात आधी निकमबाईंचं नाव घ्यायची.

"चित्र असेल गं मोराचं," त्या म्हणाल्या.

"मग 'मोराचं चित्र' लिहिलं असतं ना?"

तेवढ्यात सहसंचालक मुळीक साहेब आले. त्यांना मोर दाखवला. ते पोट धरून हसले आणि दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला. "मोर काढून टाका. बाकी सगळं ठीक आहे ना? पुढच्या सोमवारी सचिव मॅडम येतायत. त्यांच्यासमोर तुम्ही प्रमाणपत्रावर सही करायची, निकमबाई. 'मजकूर मूळ वह्यांशी ताडून पाहिला, विश्वासार्ह आहे.' मग या वह्या कागद कारखान्याला, आणि तळघरात सभागृह."

मोर काढला गेला. पण शैलजाबाईंना ठाऊक होतं की मोर हे फक्त दिसलेलं पीस. बाकी पक्षी आतच बसला होता.

*

"काढला ना मोर? मग झालं की," दिनकरराव म्हणाले.

संध्याकाळचा चहा चालला होता. दिनकरराव निकम मुख्याध्यापक म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि अजूनही वर्गात शिरल्यासारखे स्वयंपाकघरात शिरत.

"अहो, मोर एकटा नाही. उद्दिष्टं तीच, प्रश्न तेच, उत्तरंसुद्धा तीच. सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलेलं. आणि इथं वह्या आल्या त्या कुणाच्या? आदर्श शिक्षक पुरस्काराच्या प्रस्तावाला जोडलेल्या. म्हणजे टापटीप ठेवणाऱ्यांच्या. निकालाचे कागदही टापटीप. यंत्राला वाटतंय, असं लिहिणाऱ्यांचा निकाल चांगला, म्हणजे असंच शिकवावं."

"तुला कुणी विचारलंय का?"

"सही माझी आहे."

दिनकररावांनी कप खाली ठेवला. "शैला, वर्गात साठ पोरं, एका खोलीत दोन इयत्ता, वर जनगणना, निवडणूक, खिचडी. टाचण काढायला वेळ कुणाला होता? मधल्या सुट्टीत जे हाताला लागेल ते उतरवायचो. तू, मी, सगळेच. पण शिकवत होतो की नाही?"

"होतो ना! तेच तर म्हणतेय. शिकवलं एक आणि लिहिलं भलतंच. आता राज्यातली सगळी पोरं त्या भलत्यावर शिकणार."

"आणि तू हे बोललीस की पहिलं नाव तुझं येणार. पुरस्कार त्या वहीवर मिळालाय तुला. दुसरं नाव माझं. लोक म्हणतील, नवराबायको दोघंही नकलाकार. चौतीस वर्षं नोकरी केलीय मी, माझ्या नावाला डाग नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कप रिकामा आहे हे न बघताच त्यांनी तो तोंडाला लावला. "एक वर्ष राहिलंय तुझं. सही कर आणि मोकळी हो."

शैलजाबाईंना त्यांचा राग आला नाही. भीती त्यांनाही तीच वाटत होती.

*

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या त्या थेट ईश्वरीच्या खोलीत.

"सगळ्यात जुना मोर कुठला, सांगता येईल?"

ईश्वरीनं यंत्राकडून वंशावळ काढून घेतली. नक्कल करताना चुका होतात आणि पुढचा त्या चुकांसकट उतरवतो. कोणाची चूक कोणात उतरली हे लावत गेलं की मूळ गाठता येतं. चार हजार तीनशे बारा मोरांचा मूळपुरुष निघाला एक छापील पुस्तिका, सन १९९१, 'टाचणाचे नमुने'. ज्या वहीवरून तो नमुना घेतला ती वही ग्रंथालयातच होती, पण 'वाचनास अयोग्य' असा शिक्का मारून बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यात.

"बाई, नक्कल म्हणालात तुम्ही," ईश्वरी हळूच म्हणाली. "मला वह्यांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसत होती. बऱ्याच जणांचे थांबे दर पाच-सहा शब्दांनी येतात, अगदी एकसारखे. मला वाटलं, लिहिण्याची लय असेल."

"लय कसली! मान वळते तिथं." शैलजाबाईंनी टेबलावरचा कागद डावीकडे ठेवला आणि उजवीकडे लिहून दाखवलं. "इथं बघायचं, पाच शब्द डोक्यात धरायचे, इकडं उतरवायचे, परत बघायचं. स्वतःच्या मनानं लिहिणारा असा थांबत नाही. तो शब्दाच्या मधेच अडतो, खोडतो, पुन्हा लिहितो." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग एका दमात म्हणाल्या, "ईश्वरी, माझी वही उतरवलेली आहे. मोर म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं. होता म्हणून लिहिला."

ईश्वरी काय म्हणेल याची त्यांना धास्ती वाटत होती. ती म्हणाली, "ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बाई. मधल्या सुट्टीत तुम्ही खिडकीशी बसून घाईघाईनं लिहायचात, आणि आम्ही पैज लावायचो की घंटेआधी होतंय की नाही. मला वाटायचं, तो तुमचा गृहपाठ आहे."

दोघी हसल्या. शैलजाबाईंना हसताहसता रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग त्यांनी ती १९९१ ची वही यंत्रात ठेवली. ओल लागून तिची पानं एकमेकांना चिकटली होती, शाई पार धुऊन गेली होती. पण चरी होती. पडद्यावर एकेक अक्षर उगवत गेलं. घटक, हातच्याची वजाबाकी. साहित्य, खडू, फळा, मण्यांची माळ, मोर... आणि 'र'च्या डोक्यावर एक बारीक तिरकी चरी.

"मात्रा आहे ही," ईश्वरी पुटपुटली. "मोरे!"

छापताना मात्रा पडली होती आणि राज्यभर मोर सुटला होता. पण 'मोरे' म्हणजे तरी काय? त्यांनी पुढचं पान पाहिलं. 'खडू, फळा, शेख.' त्यापुढचं, 'खडू, फळा, माने.' आणि त्याच्या पुढच्या दिवशी, 'खडू, फळा, पुन्हा माने.'

थांब्यांचा नकाशा उघडला तेव्हा दोघी बघतच राहिल्या. या वहीत हात कुठेही ओळीच्या टप्प्याला थांबत नव्हता. तो शब्दांच्या मधे अडखळत होता, पानोपानी, अख्खं वर्ष.

*

वहीवर नाव होतं सदाशिव ढाणे. गुरुजी हयात होते, वय वर्षं शहाऐंशी, कोरेगावजवळ लेकाकडे राहत होते. गुरुवारी दोघी तिथं पोचल्या तेव्हा ते अंगणात बसून शेंगा फोडत होते. कान तल्लख, आवाज खणखणीत.

"मोर?" ते गरजले. "अवं, मोर न्हवं, मोरे! सुमन मोरे! दोन पत्रं लिवली मी खात्याला, मात्रा पडलीया म्हणून. एकाचंबी उत्तर न्हाय. आता पन्नास वर्सांनी आला व्हय तुम्ही?"

"पत्रांचं उत्तर घेऊनच आलोय, गुरुजी," शैलजाबाई म्हणाल्या. "पण मुलीचं नाव तुम्ही साहित्यात का लिहिलंत?"

गुरुजींनी हातातली शेंग ठेवली. "हे बघा बाई, वर्गातलं हुशार पोरगं दुसऱ्याला शिकवाय लागलं की सुसाट सुटतंय. त्याला सोताला कुठं अडलेलंच नसतंय, तवा दुसऱ्याचं कुठं अडतंय ते त्याला कसं कळणार? मलाबी कळत न्हवतं. मी शिकलेला गडी, हातचा कसा घ्यायचा ह्यात काय अवघड हाय, हेच मला उमगंना. पण ज्या पोराला सगळ्यांत शेवटाला कळलं, त्याला वाटंतला खड्डा न् खड्डा ठावा. म्हणून त्यालाच दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभं करायचो. सुमन मोरे दोन आठवडं वजाबाकीला रडली. जवा कळलं तवा ती फळ्यावर गेली आन् म्हणली, 'शेजारच्या घरातनं दहा आणायच्यात, पर त्या घरात एक कमी झाला ही आठवण ऱ्हात न्हाय, म्हणून चुकतंय.' आठ पोरांची गाडी अडली हुती, तासाभरात सुटली."

"आणि साहेब काही म्हणाले नाहीत?"

"म्हणलं ना! 'पोरगी काय साहित्य हाय व्हय?' मी म्हणलं, साहेब, खडूपरास कामाची हाय. आन् त्या पोरीचं काय झालं ठावं हाय? शेवटचा नंबर असायचा तिचा. त्या दिवसापासनं मान वर करून बसाय लागली." गुरुजींनी पुन्हा शेंग उचलली. "म्हणून नाव लिवायचो. एवढ्यासाठीच."

दोघी परतीच्या वाटेला लागल्या. मग शैलजाबाई म्हणाल्या, "एवढी मोठी गोष्ट चार हजार जणांनी उतरवली, ईश्वरी. मीही. आणि एकानंही वाचली नाही."

*

सोमवारी सचिव पाठारे मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, केस अगदी आखूड, नजर कुणाच्या चेहऱ्यावरून हलत नाही अशा. मुळीक साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, प्रमाणपत्र पुढे सरकवलं, टोपण काढून पेन हातात दिलं. शैलजाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मला सही करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मजकूर मूळ वह्यांशी जुळतो. पण मूळ वह्या वर्गाशी जुळत नाहीत."

मुळीक साहेबांचा चेहरा उतरला. "निकमबाई, मोर काढलाय आपण. आता हे काय नवीन? पुरावा काय याला?"

शैलजाबाईंनी पिशवीतून एक वही काढली आणि यंत्रात ठेवली. काल रात्रभर डोळा लागला नव्हता, आणि सकाळी दिनकरराव चहा न घेता, काही न बोलता फिरायला निघून गेले होते. "ही माझी स्वतःची वही आहे, मॅडम. सन दोन हजार बारा-तेरा. ईश्वरी, थांबे दाखव."

यंत्रानं मोजणी केली. पानं दोनशे बारा. उतरवलेली दोनशे एक. स्वतःच्या मनानं लिहिलेली अकरा.

पाठारे मॅडमनी विचारलं, "तुम्हाला आदर्श शिक्षिका पुरस्कार कधी मिळाला?"

"त्याच वर्षी. याच वहीवर." शैलजाबाईंनी वही यंत्रातून काढून मॅडमसमोर ठेवली. "त्याचं काय करायचं ते खात्यानं ठरवावं. पण माझी एक विनंती आहे. ही मोजणी कुणाला पकडायला वापरू नका. आम्ही वाईट शिक्षक नव्हतो. आमच्याकडून जे लिहून मागितलं ते आम्ही लिहून दिलं. वर्गात काय घडलं ते कुणी मागितलंच नाही. माझं नाव मी आपण होऊन दिलंय. दुसऱ्या कुणाचं यंत्रातून बाहेर काढू नका."

मग त्यांनी ढाणे गुरुजींची वही दाखवली आणि सुमन मोरेची हकिकत सांगितली. मॅडम पडद्यावरची ओळ न् ओळ वाचत होत्या. त्यांनी 'पुन्हा माने' वाचलं तेव्हा मात्र ओठांचा कोपरा हलला.

"सगळ्या वह्यांत मिळून मनानं लिहिलेली पानं किती असतील?" त्यांनी ईश्वरीला विचारलं.

"अंदाजे तीन टक्के, मॅडम."

"फक्त तीन टक्के," मुळीक साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "म्हणजे सगळं मुसळ केरात."

"टक्क्यांत नको, पानांत सांगा," मॅडम म्हणाल्या.

ईश्वरीनं हिशोब केला. "वह्या दोन लाख तीस हजार, दर वहीत सुमारे दोनशे पानं. जवळजवळ चौदा लाख."

"चौदा लाख पानं!" पाठारे मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "कुणी मागितलं नसताना, कुणी वाचणार नाही हे माहीत असताना, शिक्षकांनी चौदा लाख पानं खरी लिहिली? मग आपल्याकडे कमी काय आहे, मुळीक?" त्यांनी प्रमाणपत्राचा कागद उचलून घडी घातली. "सहाध्यापक पंधरा जूनला जाणार नाही. या चौदा लाख पानांवर तो पुन्हा घडवा. आणि सक्ती नको; शिक्षकाला विचारू दे, 'हे असं कुणी केलं होतं, तुम्हाला बघायचंय का?' वह्या इथंच राहतील. नावांबद्दलचं तुमचं म्हणणं मी लेखी मान्य करते."

उठता उठता त्या थांबल्या. "पुरस्कार परत घ्यावा लागेल, निकमबाई. नियम आहे."

"हो, मॅडम."

"ती अकरा पानं मात्र मला पाठवा. मला वाचायची आहेत."

*

बातमी वर्तमानपत्रात आली, शैलजाबाईंच्या नावानिशी. दोन दिवस फोन वाजत राहिला. काहींनी सुनावलं, काहींनी पलीकडून नुसता उसासा टाकला. दिनकरराव आठवडाभर कामापुरतं बोलले.

पण जुलै लागला आणि ग्रंथालयात कधी न घडलेली गोष्ट घडली. रांग लागली. निवृत्त गुरुजी, बाई, कुणी काठी टेकत, कुणी नातसुनेचा हात धरून. सगळ्यांचा प्रश्न एकच, आणि तो सगळे खालच्या आवाजात विचारायचे, "माझ्या वहीत किती निघतात, बघता का?" कुणाची चाळीस निघायची, कुणाची चार. आकडा ऐकून सुरुवातीला मान खाली जायची. पण त्या पानांची प्रत हातात पडली की माणूस तिथंच जिन्यात बसून वाचू लागायचा. ईश्वरीनं शेवटी व्हरांड्यात दोन बाकं टाकून घेतली.

एका शनिवारी रांगेत दिनकरराव दिसले. हातात जेवणाचा डबा होता.

"तुझा डबा राहिला होता," ते म्हणाले. डबा राहिला नव्हता. शैलजाबाईंनी सकाळीच आणला होता. दिनकररावांनी डबा टेबलावर ठेवला, रुमालानं कपाळ पुसलं, आणि जरा वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या प्रस्तावाला जोडलेल्या तीन वह्या आहेत ना इथं?"

शैलजाबाईंनी स्वतः त्या आणल्या आणि एकेक करून यंत्रात ठेवल्या. पानं सहाशे छत्तीस. उतरवलेली सहाशे पस्तीस.

"एक," दिनकरराव म्हणाले. त्यांनी तो आकडा पुन्हा पाहिला. "चौतीस वर्षांत एक."

"चौतीस वर्षांच्या वह्या नाहीत इथं, तीनच वर्षांच्या आहेत," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांनी पान छापून त्यांच्या हातात दिलं.

तारीख होती नऊ डिसेंबर दोन हजार नऊ. घटक, घड्याळ. वरचे रकाने रिकामे होते, आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरात, दोनदा खोडून लिहिलं होतं : 'विजयच्या घरी घड्याळ नाही. त्याला सव्वा समजत नाही. पण भाकरीचा चतकोर समजतो. उद्या भाकऱ्या न्याव्यात.'

दिनकरराव वाचत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"नेल्या होत्या," ते म्हणाले. "चार. तूच थापून दिल्या होत्यास, आणि विचारलं होतंस, शाळेत पंगत आहे का म्हणून. एक अख्खी आणि एक चतकोर ठेवली त्याच्यापुढं. पोरगं ओरडलं, 'सर, हे तर सव्वा!' अख्खा वर्ग..." शैलजाबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि ते बसले. त्यांचा हात शैलजाबाईंनी धरला, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत.

मागून एक म्हाताऱ्या बाई वाकून म्हणाल्या, "झालं का, सर? माझी वही लावायची आहे."

"थोडं थांबा, बाई," दिनकरराव डोळे पुसत म्हणाले. "अजून एकदा वाचतो."